डाव्या स्टिअरिंगच्या मोटारीचे उजव्या स्टिअरिंगमध्ये रूपांतर

डाव्या स्टिअरिंगच्या मोटारीचे उजव्या स्टिअरिंगमध्ये रूपांतर म्हणजे चालकाची बैठक आणि वाहन हाताळण्याची सर्व साधने मोटारीच्या डाव्या बाजूकडून उजव्या बाजूकडे नेण्याची यांत्रिक प्रक्रिया होय. यात स्टिअरिंग, ब्रेक, क्लच व अ‍ॅक्सिलरेटर यांची पेडले, डॅशबोर्ड, वायरिंग, वायपर आणि पुढील दिवे यांचा समावेश होतो. रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहने चालवण्याचा नियम असलेल्या भारतासारख्या देशांत चालक उजवीकडे बसणे सोयीचे व सुरक्षित मानले जाते. त्यामुळे अमेरिका व युरोपात तयार झालेली वाहने अशा देशांत वापरताना रूपांतराचा प्रश्न उद्भवतो. हे रूपांतर कारखान्यात आराखड्याच्या पातळीवर होते किंवा तयार मोटारीवर कार्यशाळेत केले जाते. या दोन प्रकारांत खर्च, सुरक्षितता आणि कायदेशीर मान्यता या तिन्ही दृष्टींनी मोठा फरक आहे.

संज्ञा

या विषयात दोन गोष्टींची गल्लत वारंवार होते. पहिली गोष्ट म्हणजे वाहतुकीची बाजू, अर्थात वाहने रस्त्याच्या कोणत्या कडेने चालवायची. दुसरी म्हणजे वाहनातील चालकाची बाजू. या दोन्ही बाजू सामान्यतः परस्परविरुद्ध असतात. भारतात वाहतूक डावीकडून चालते आणि चालक उजवीकडे बसतो, तर फ्रान्स किंवा अमेरिकेत वाहतूक उजवीकडून चालते आणि चालक डावीकडे बसतो. चालक रस्त्याच्या मध्यरेषेजवळ असावा, म्हणजे त्याला समोरून येणारे वाहन लवकर दिसते, हे यामागचे तत्त्व आहे. प्रस्तुत लेखात चालक डावीकडे असलेल्या मांडणीस ‘डावी रचना’ व उजवीकडे असलेल्या मांडणीस ‘उजवी रचना’ असे म्हटले आहे.

पार्श्वभूमी

मोटारीच्या आरंभीच्या काळात स्टिअरिंगची बाजू निश्चित नव्हती. अमेरिकेत वाहतूक उजवीकडून चालत असतानाही अनेक मोटारींत चालक उजवीकडेच बसत असे. १९०८ साली आलेल्या फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ या मोटारीत स्टिअरिंग डावीकडे होते. तिच्या प्रचंड खपामुळे अमेरिकेत डावी रचना रूढ होण्यास हातभार लागला. ब्रिटन व त्याच्या बहुतेक वसाहतींत डावीकडून वाहतूक आणि उजवी रचना कायम राहिली. आज जगाच्या लोकसंख्येपैकी सुमारे एक तृतीयांश लोक डावीकडून वाहतूक चालणाऱ्या प्रदेशांत राहतात. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, जपान, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि ब्रिटन हे त्यांपैकी प्रमुख देश होत.

काही देशांनी वाहतुकीची बाजू बदलल्यामुळे वाहनांच्या रचनेचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर निर्माण झाला. स्वीडनमध्ये ३ सप्टेंबर १९६७ रोजी वाहतूक डावीकडून उजवीकडे आणण्यात आली. तेथील बहुतेक खासगी मोटारी आधीपासूनच डाव्या रचनेच्या असल्याने मोटारींची अडचण फारशी आली नाही, परंतु बसगाड्यांचे दरवाजे चुकीच्या बाजूस आले. योटेबोरी व माल्मो या शहरांनी आपल्या जुन्या बसगाड्या पाकिस्तान व केनिया या देशांना विकल्या. ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, डिसेंबर १९७० मध्ये वाहतूक उजवीकडे गेली, पण वाहने मात्र पुढे कित्येक दशके उजव्या रचनेचीच राहिली. याउलट सामोआ या बेटराष्ट्राने ७ सप्टेंबर २००९ रोजी वाहतूक डावीकडे आणली. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व जपान येथील उजव्या रचनेची स्वस्त वाहने आयात करता यावीत, हा त्यामागचा मुख्य हेतू होता.

गोवा पोर्तुगीज अमलाखाली असताना पोर्तुगालने १९२८ मध्ये आपली वाहतूक उजवीकडे नेली. तथापि शेजारच्या प्रदेशाशी रस्त्यांनी जोडलेल्या गोव्यात डावीकडून वाहतूक चालवण्याची पद्धत तशीच ठेवण्यात आली. त्यामुळे १९६१ मध्ये गोवा भारतात सामील झाला तेव्हा वाहतुकीची बाजू बदलावी लागली नाही.

महाराष्ट्रातील इतिहास

मुंबईतील जोडणी कारखाने

भारतात मोटारींच्या जोडणीस मुंबईत प्रारंभ झाला. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये शिवडी येथे जोडणी कारखाना सुरू केला. पाठोपाठ फोर्ड कंपनीही मुंबईत आली. फोर्डच्या भारतीय शाखेला कॅनडातील कंपनीकडून सुटे भाग मिळत. ब्रिटिश साम्राज्यातील देशांसाठी कॅनडात उजव्या रचनेची वाहने मुद्दाम तयार केली जात असल्याने मुंबईत जोडलेल्या मोटारींचे वेगळे रूपांतर करावे लागत नसे. स्वातंत्र्यानंतर वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कंपनीने कुर्ला येथे प्रथम क्रायस्लर समूहाच्या व नंतर फियाटच्या मोटारी उजव्या रचनेत तयार केल्या.

जीप

डाव्या रचनेचे वाहन महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला परिचित झाले ते जीपच्या रूपाने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तयार झालेल्या विलिस व फोर्ड जीप डाव्या रचनेच्या होत्या. युद्धानंतर अशा अनेक जीप भारतात राहिल्या व लिलावांतून नागरी वापरात आल्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईतील माझगाव येथे विलिस जीपची जोडणी सुरू केली. तिच्या आरंभीच्या जीपमध्येही स्टिअरिंग डावीकडेच असे. मागून येणाऱ्या चालकाला सूचना मिळावी म्हणून अशा जीपच्या मागील पत्र्यावर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ अशी अक्षरे ठळकपणे रंगवलेली असत. पुढे जीप उजव्या रचनेत मिळू लागली. जुन्या जीपमधील स्टिअरिंग उजवीकडे नेण्याची कामेही गॅरेजमध्ये होऊ लागली. जीपची बांधणी उघडी व साधी, डॅशबोर्ड म्हणजे एक सपाट पत्रा आणि विजेची जोडणी मोजकी असल्याने ते काम आजच्या मोटारीच्या तुलनेने सोपे होते.

नाशिकची लोगान

आधुनिक काळात कारखान्याच्या पातळीवर झालेल्या रूपांतराचे ठळक उदाहरण नाशिक येथे आढळते. रेनो समूहाच्या डाचिया कंपनीने २००४ मध्ये रुमानियात ‘लोगान’ ही मोटार डाव्या रचनेत बाजारात आणली. महिंद्र व रेनो यांनी २००५ मध्ये स्थापन केलेल्या संयुक्त कंपनीने तिची उजव्या रचनेतील आवृत्ती भारतासाठी सिद्ध केली आणि २००७ मध्ये महिंद्रच्या नाशिक येथील कारखान्यातून तिची विक्री सुरू झाली. या संयुक्त कंपनीत महिंद्रचा ५१ टक्के व रेनोचा ४९ टक्के वाटा होता. २०१० मध्ये रेनोचा वाटा महिंद्रने घेतला आणि २०११ मध्ये या मोटारीचे नाव ‘व्हेरिटो’ असे झाले.

रांजणगाव, चाकण व तळेगाव

पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथील कारखान्यात २०१७ पासून ‘जीप कंपास’ ही मोटार तयार होऊ लागली. तेथून ती उजव्या रचनेत ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांना निर्यात करण्यात आली. महायुद्धकाळातील डाव्या रचनेची जीप ज्या महाराष्ट्रात आयात होत असे, तेथूनच त्याच नाममुद्रेची उजव्या रचनेची वाहने परदेशी जाऊ लागली. याच्या उलट दिशेचे कामही याच जिल्ह्यात झाले. चाकण येथील फोक्सवॅगनच्या आणि तळेगाव येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यांतून डाव्या रचनेच्या मोटारी मेक्सिकोसारख्या देशांना पाठवल्या गेल्या. एकाच आराखड्यातून दोन्ही रचना काढता याव्यात अशी योजना मुळातच केलेली असल्याने अशा कारखान्यात रूपांतर ही वेगळी दुरुस्ती राहत नाही.

तांत्रिक प्रक्रिया

तयार मोटारीचे रूपांतर करताना पुढील भागांत बदल करावे लागतात.

स्टिअरिंग. आजच्या बहुतेक मोटारींत रॅक व पिनियन पद्धतीचे स्टिअरिंग असते. दातेरी दांड्यास रॅक आणि त्यात बसणाऱ्या लहान दातेरी चाकास पिनियन म्हणतात. डाव्या रचनेचा रॅक काढून तोच उलटा बसवता येईल असा समज असतो, पण तो चुकीचा आहे. रॅक उलथा केल्यास पिनियन दांड्याच्या विरुद्ध अंगास येते आणि चालकाने स्टिअरिंग उजवीकडे फिरवल्यास चाके डावीकडे वळतात. म्हणून मूळ रॅकची आरशातील प्रतिमा असावी तसा, उजव्या रचनेसाठीच घडवलेला रॅक लागतो. जुन्या वाहनांतील स्टिअरिंग बॉक्सचेही तसेच आहे. त्यातील मळसूत्राचा पीळ उजव्या रचनेत उलट्या दिशेचा असावा लागतो.

स्टिअरिंगचा दांडा उजवीकडून खाली उतरताना इंजिनाच्या धूर बाहेर टाकणाऱ्या नळीस, टर्बोचार्जरला किंवा बॅटरीला अडू शकतो. अशा वेळी दांड्यात जादा सांधे घालून त्याला वळण द्यावे लागते. सांधे वाढल्यास मधल्या दांड्याला बेअरिंगचा आधार देणे आवश्यक ठरते, अन्यथा स्टिअरिंगमध्ये ढिलेपणा येतो.

पेडले व ब्रेक. तीनही पेडले उजव्या बाजूस बसवण्यासाठी इंजिन व प्रवासी कक्ष यांमधील पत्र्याच्या भिंतीला नवीन छिद्रे पाडून ती जागा मजबूत करावी लागते. ब्रेक जोरात दाबला असता या पत्र्यावर मोठा ताण येतो. पत्रा वाकल्यास पेडल खाली जाते, परंतु ब्रेकचा पुरेसा दाब चाकांपर्यंत पोहोचत नाही. ब्रेकचा मास्टर सिलिंडर व बूस्टर उजवीकडे हलवणे ही उत्तम पद्धत होय. काही युरोपीय कंपन्यांनी आपल्या उजव्या रचनेच्या मोटारींत बूस्टर डावीकडेच ठेवून आडव्या दांड्याने तो उजवीकडील पेडलाशी जोडला आहे. कारखान्यात तपासलेला असा दांडा चालतो. गॅरेजमध्ये बनवलेल्या दांड्यात मात्र लवचीकपणा राहण्याचा धोका असतो.

डॅशबोर्ड व एअरबॅग. जुन्या मोटारीत डॅशबोर्ड हा दर्शनी भाग असे. आजच्या मोटारीत त्यामागे एका बाजूच्या खांबापासून दुसऱ्या बाजूच्या खांबापर्यंत लोखंडी आडवी तुळई असते व तिच्यावर स्टिअरिंगचा दांडा पेललेला असतो. ही तुळई कापून जोडल्यास अपघातातील सुरक्षिततेवर थेट परिणाम होतो. चालकासमोरील एअरबॅग व प्रवाशासमोरील एअरबॅग यांचे आकार आणि फुगण्याची रीत भिन्न असल्यामुळे त्यांची केवळ जागा बदलून भागत नाही.

वायपर. मूळ रचनेत वायपर चालकाच्या बाजूची काच खांबापर्यंत पुसतो. वायपर न बदलल्यास उजव्या खांबालगत काचेचा एक त्रिकोणी तुकडा न पुसलेला राहतो. पावसाळ्यात नेमकी तीच जागा चालकाच्या नजरेसमोर असते.

पुढील दिवे. हा भाग सर्वांत जास्त दुर्लक्षित असतो. दिव्यांचा खालचा झोत दोन्ही बाजूंस सारखा नसतो. डावीकडून वाहतूक असलेल्या देशात तो रस्त्याच्या डाव्या कडेकडे थोडा वर उचललेला असतो, म्हणजे पादचारी व कडेचे दगड दिसतात आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपत नाहीत. उजवीकडील वाहतुकीसाठी बनवलेले दिवे तसेच ठेवल्यास तो उचललेला झोत समोरून येणाऱ्या वाहनावर पडतो. त्यामुळे दिव्यांचा संपूर्ण संच बदलणे आवश्यक असते.

इतर भाग. वायरिंगचा जुडगा, वातानुकूलन यंत्र, हातब्रेकची जागा, गिअरच्या दांड्याचा कल, बाजूचे आरसे आणि काचा वरखाली करण्याची मुख्य बटणे हेही बदलावे लागते.

रूपांतराच्या पद्धती

रूपांतराच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. पहिल्या पद्धतीत त्याच प्रकारच्या उजव्या रचनेच्या मोटारीचे अस्सल भाग मिळवून बसवले जातात. ही सर्वांत विश्वसनीय पद्धत मानली जाते, परंतु ती उत्पादक दोन्ही रचना काढत असेल तरच शक्य होते. दुसऱ्या पद्धतीत आवश्यक भागांचे साचे करून ते नव्याने घडवले जातात. ऑस्ट्रेलियात अमेरिकन बनावटीचे मोठे पिकअप ट्रक अशा प्रकारे औद्योगिक पातळीवर रूपांतरित होतात व त्यांच्या चाचण्याही घेतल्या जातात. तिसऱ्या पद्धतीत मूळ स्टिअरिंग यंत्रणा डावीकडेच ठेवून उजवीकडे नवे चक्र बसवतात आणि दोहोंना डॅशबोर्डमागून साखळीने किंवा पट्ट्याने जोडतात. ही पद्धत स्वस्त पण अत्यंत धोक्याची आहे. साखळी सैल झाली, घसरली किंवा तुटली, तर चालत्या वाहनावरील ताबा पूर्णपणे सुटतो. स्टिअरिंगचे दांडे व सांधे कापून वेल्डिंगने जोडणेही याच कारणाने निषिद्ध मानले जाते, कारण उष्णतेने पोलादाचे गुणधर्म बदलतात आणि असा जोड पूर्वसूचना न देता तुटू शकतो.

रस्ता सुरक्षितता

डाव्या रचनेची मोटार भारतात चालवताना सर्वांत मोठी अडचण पुढील वाहनाला ओलांडताना येते. नाशिक जिल्ह्यातील येवला या तालुक्याच्या ठिकाणचे उदाहरण घेतल्यास ही अडचण स्पष्ट होते. नाशिक–छत्रपती संभाजीनगर आणि मनमाड–अहिल्यानगर हे दोन वर्दळीचे मार्ग येवल्यात विंचूर चौफुलीवर एकमेकांना छेदतात. या परिसरातील रस्त्यांवर कांद्याच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मालमोटारी आणि शिर्डीकडे जाणारी प्रवासी वाहने एकत्र धावतात. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर अशा ट्रॉलीच्या मागे असलेला उजव्या रचनेचा चालक किंचित उजवीकडे सरकताच पुढील रस्ता पाहू शकतो. डाव्या रचनेच्या चालकाला मात्र तेच पाहण्यासाठी जवळजवळ संपूर्ण मोटार समोरच्या मार्गिकेत न्यावी लागते. म्हणजेच रस्ता मोकळा आहे की नाही हे कळण्यापूर्वीच त्याला धोका पत्करावा लागतो. अशा वेळी उजवीकडे बसलेल्या सहप्रवाशाच्या सांगण्यावर अवलंबून राहण्याची पाळी येते.

हाताने खुणा करण्याचा प्रश्नही महत्त्वाचा होता. विजेचे इंडिकेटर सार्वत्रिक होण्यापूर्वी चालक उजवा हात खिडकीबाहेर काढून वळण्याची, वेग कमी करण्याची किंवा थांबण्याची सूचना देत असे. डावीकडे बसलेल्या चालकाला हे शक्य नव्हते. टोलनाक्यावर किंवा वाहनतळावर पैसे देणे यांसारख्या गैरसोयी त्या मानाने किरकोळ होत. डाव्या रचनेचा एक फायदाही सांगितला जातो. चालकाला रस्त्याची डावी कड जवळून दिसते आणि तो थेट पदपथाच्या बाजूस उतरू शकतो. म्हणूनच उजवीकडून वाहतूक असलेल्या अमेरिकेत टपाल वाटपाच्या गाड्या मुद्दाम उजव्या रचनेच्या केलेल्या आढळतात.

भारतातील कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १२० डाव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या वाहनांविषयी आहे. त्यानुसार विहित प्रकारचे व चालू स्थितीतील यांत्रिक अथवा विद्युत सूचक साधन बसवलेले नसल्यास असे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवण्यास मनाई आहे. यापूर्वीच्या १९३९ च्या अधिनियमातही याच आशयाची तरतूद होती. म्हणजेच डाव्या रचनेचे वाहन चालवणे हाच गुन्हा नसून सूचक साधनाविना ते चालवणे गुन्हा ठरते. जुन्या जीप कायदेशीररीत्या रस्त्यावर राहिल्या त्या याच तरतुदीमुळे.

आयातीचे नियम यापेक्षा कडक आहेत. परकीय व्यापार धोरणानुसार भारतात विक्रीसाठी आयात होणाऱ्या नव्या मोटारींचे स्टिअरिंग उजवीकडे असावे लागते, वेगमापक किलोमीटरमध्ये असावा लागतो आणि दिव्यांचा झोत डावीकडील वाहतुकीस अनुरूप असावा लागतो. जुन्या मोटारींच्या आयातीलाही उजव्या स्टिअरिंगची अट लागू आहे. त्यामुळे परदेशातून डाव्या रचनेची मोटार आणून ती येथे रूपांतरित करण्याचा मार्ग सामान्य नागरिकास उपलब्ध नसतो. सीमाशुल्काच्या विशेष परवान्यावर काही काळापुरती वाहने आणणारे परदेशी पर्यटक मात्र आपली डाव्या रचनेची वाहने भारतात चालवू शकतात.

देशात नोंदणी झालेल्या वाहनातील फेरफारांबाबत कलम ५२ महत्त्वाचे आहे. वाहनाचा नोंदणीतील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्ती अधिनियमाने समाविष्ट केलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत फेरफारासाठी मालकास ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दिव्यांग व्यक्तींच्या सोयीसाठी वाहनात करावयाच्या बदलांना मात्र कायद्यात स्वतंत्र वाट ठेवलेली आहे. उत्पादकांच्या नव्या वाहनांची तपासणी पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया यांसारख्या मान्यताप्राप्त संस्था करतात. १९६६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था एआरएआय या नावाने ओळखली जाते.

रूपांतरित वाहन ओळखण्याच्या खुणा

जुनी जीप अथवा मोटार विकत घेताना ती मूळ उजव्या रचनेची आहे की नंतर रूपांतरित केलेली, हे काही खुणांवरून ओळखता येते. इंजिनामागील पत्र्याच्या डाव्या बाजूस बुजवलेली छिद्रे असणे, वायपरची पाती डाव्या चालकास अनुकूल दिशेने विसावणे, स्टिअरिंगच्या दांड्यावर वेल्डिंगचे व्रण दिसणे, चक्र फिरवल्यानंतर चाके वळण्यास विलंब लागणे आणि पेडल दाबताना पत्रा हलणे या त्यांपैकी प्रमुख खुणा होत. शेवटच्या तीन खुणा आढळल्यास तज्ज्ञाकडून तपासणी होईपर्यंत असे वाहन रस्त्यावर आणू नये.

जतनाचा प्रश्न

दुर्मीळ जुन्या वाहनांच्या बाबतीत रूपांतराकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले जाते. महायुद्धकालीन जीपचे डावीकडील स्टिअरिंग हा तिच्या ऐतिहासिक ओळखीचा भाग असल्याने संग्राहक ते बदलत नाहीत. पूर्वी उजवीकडे नेलेले स्टिअरिंग पुन्हा डावीकडे आणण्याकडेही काहींचा कल असतो. केंद्र शासनाने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी होते. मोठे फेरफार केलेली वाहने या वर्गात बसत नाहीत आणि नोंदणी झालेली वाहनेही दैनंदिन वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. मूळ रचना राखण्यास त्यामुळे कायद्याचेही पाठबळ मिळाले आहे.

हेही पहा

वाहतुकीची बाजू
जीप
मोटार वाहन अधिनियम, १९८८
महिंद्र अँड महिंद्र
येवला